सेमी-ऑटोमॅटिक रायफलची काडतुसं पुन्हा भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा, हाताने चालवायचा असतो; काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, नेणारा हात तुमचाच असतो. पुंगळी जराशी मोठी राहिली, प्रायमर (दारू पेटवणारी, बुडातली छोटी टोपी) अर्धवट बसला, गोळी जास्त बाहेर आली, तर बोल्ट जड जातो आणि हाताला तिथल्या तिथे कळतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा मधला हातच निघून जातो. स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येतो, मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नेतो, चेंबरमध्ये ठोकतो आणि फिरून कुलूपबंद होतो. काडतुसात खोट असली तरी तो थांबत नाही. म्हणून जे हाताला चेंबरपाशी कळलं असतं, ते इथे काडतुसं भरायच्या बाकावर बसूनच कळून घ्यावं लागतं, आणि तेही प्रत्येक काडतुसाबाबत.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. खाली 'काडतूस' म्हणजे पूर्ण तयार राउंड, 'पुंगळी' म्हणजे पितळी केस, 'गोळी' म्हणजे नळीतून बाहेर जाणारा पुढचा भाग, 'दारू' म्हणजे बिनधुराची पावडर, 'चार्ज' म्हणजे एका पुंगळीत घातलेली दारू, 'लोड' म्हणजे गोळी, दारू, प्रायमर आणि पुंगळी यांचा ठरलेला मेळ, 'मान' म्हणजे गोळी धरणारा पुंगळीचा अरुंद भाग आणि 'खांदा' म्हणजे मानेखालचा उतार. दारू किती ग्रेन (वजनाचं एकक) भरायची याचे आकडे मी देणार नाही. ते दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे असतात. मित्राच्या वहीतून नाही आणि आठवणीतून तर मुळीच नाही.

घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे का?

देशागणिक उत्तर बदलतं. काही ठिकाणी हा सर्वमान्य छंद आहे, काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो, तर काही ठिकाणी शस्त्राचा परवाना असला तरी काडतूस भरणं हा गुन्हा ठरतो. दारू आणि प्रायमर किती साठवता येतात याचेही नियम वेगळे असतात. तुम्ही राहता तिथला कायदा आधी पाहा. परवानगी नसेल तर पुढचं सगळं फक्त समजून घेण्यापुरतं वाचा.

मी बरीच वर्षं बोल्ट-ॲक्शनसाठी भरतोय. तीच पद्धत चालणार नाही का?

पायऱ्या त्याच आहेत: पुंगळी साफ करा, आकारात आणा, लांबी छाटा, प्रायमर बसवा, दारू घाला, गोळी बसवा. फरक पडतो तो सूट किती द्यायची यात. बोल्ट-ॲक्शनवाला अचूकतेसाठी पुंगळी चेंबरला जितकी चिकटून बसेल तितकी ठेवतो. सेमी-ऑटोला थोडी मोकळी जागा लागते, म्हणजे काडतूस तापलेल्या आणि काजळलेल्या चेंबरमध्येही अडखळत नाही. शिवाय इथे काडतुसाला मार जास्त बसतो. ते मॅगझिनमधून वेगाने सुटतं, फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं, चेंबरमध्ये जोरात थांबतं. बोल्ट-ॲक्शनमध्ये अलगद सरकवलेलं काडतूस जे सहन करत नाही, ते सगळं या काडतुसाला सहन करावं लागतं.

स्लॅमफायर म्हणजे नेमकं काय?

चाप न ओढता, केवळ बोल्ट बंद होण्याच्या धक्क्याने काडतूस उडणं म्हणजे स्लॅमफायर. बोल्ट पूर्ण कुलूपबंद झाल्यावर हे घडलं तर अनपेक्षित गोळी सुटते, आणि तेही काही कमी भयंकर नाही. पण बोल्ट अजून फिरलेला नसताना प्रायमर पेटला तर पुंगळीला मागून आधारच नसतो. मग पितळ फाटतं आणि तप्त वायू मॅगझिनच्या खाचेतून, रिसीव्हरमधून, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

याचं मूळ फायरिंग पिनमध्ये आहे. एम-१ गॅरंड, एम-१४, एसकेएस, एआर-१५ अशा कित्येक रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट थांबला की पिन आपल्याच वेगाने पुढे जाते आणि प्रायमरला हलकी टिचकी मारते. एआरमध्ये चेंबर झालेलं पण न उडवलेलं काडतूस बाहेर काढून पाहा, प्रायमरवर बारीकसा ठिपका दिसेल. तो ठिपका असणं नेहमीचंच आहे. प्रश्न इतकाच की तेवढ्या टिचकीने पेटू नये इतपत तुमचा प्रायमर कडक आहे का, आणि तो पुरेसा खोल बसला आहे का.

स्लॅमफायरला हातभार लावणाऱ्या गोष्टी बहुतेक बाकावरच्याच असतात: वर राहिलेला प्रायमर, नाजूक कपाचा (बाहेरच्या धातूच्या वाटीचा) प्रायमर, पूर्ण आकारात न आलेली पुंगळी. बाकी दोष रायफलीच्या निगेचा. जुन्या साठ्यातल्या एसकेएसमध्ये घट्ट ग्रीस सुकून फायरिंग पिन पुढेच अडकून बसते आणि मग एकामागून एक गोळ्या आपोआप सुटत जातात. अशी रायफल हाती आली तर पहिलं काडतूस घालण्याआधी बोल्ट उघडून साफ करा. बोल्ट हातात धरून हलवला की पिन खुळखुळली पाहिजे.

आणखी एक सवय सोडा: काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडणं. मॅगझिनमधून काडतूस ढकलताना बोल्टचा थोडा वेग खर्च होतो. चेंबर आधीच भरलेला असेल तर तो वेग वाचतो आणि पिन जास्त जोराने आदळते. एकच गोळी मारायची असली तरी ती मॅगझिनमधूनच जाऊ द्या. बोल्ट सोडताना नळी कुठे रोखलेली आहे ते दर वेळी पाहा, बोट चापाजवळ नसलं तरीही.

मग प्रायमर कोणता घ्यायचा?

मॅन्युअलने त्या लोडसाठी सांगितलेल्या जातीचा, आणि शक्य असेल तिथे कडक कपाचा. सीसीआय कंपनीचे ३४ क्रमांकाचे मोठे आणि ४१ क्रमांकाचे लहान रायफल प्रायमर मोकळ्या पिनच्या लष्करी धाटणीच्या रायफली डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेले आहेत. प्रायमर बदलला की दाबही बदलू शकतो, तेव्हा चार्ज खाली आणून पुन्हा पायरीपायरीने वर या.

पिस्तुलाचे लहान प्रायमर रायफलीच्या पुंगळीत अगदी बेमालूम बसतात, कारण उंची सारखीच असते. पण त्यांचा कप पातळ असतो, रायफलीच्या दाबाला तो भोक पडून फुटू शकतो. दोन्ही प्रकार एकाच कपाटात शेजारी ठेवू नका.

प्रायमर किती खोल बसायला हवा आणि तो तपासायचा कसा?

पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत. साधारण ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१३ मिमी. बुडाच्या पातळीत असणं सेमी-ऑटोसाठी पुरेसं नाही आणि वर असणं तर अजिबात चालणार नाही.

तपासायला कॅलिपर लागतंच असं नाही. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोटाचं टोक फिरवा. आत बसलेला प्रायमर बोटाला खळग्यासारखा लागतो, वर राहिलेला टेंगळासारखा. पन्नास पुंगळ्यांना मिनिटभर लागतं. मी हे दारू घालण्याआधी एकदा करतो आणि तयार काडतूस डब्यात ठेवताना पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळेला मला वर राहिलेला प्रायमर क्वचितच सापडलाय, पण सापडलाय.

प्रायमर वर राहण्याचं कारण बहुतेक वेळा तो बसतो त्या खळग्यात साचलेली काजळी असते. ती खरवडून काढा. तयार काडतुसाचा प्रायमर वर दिसला तर तो पुन्हा प्रेसमध्ये (काडतुसं भरायच्या यंत्रात) दाबू नका. भरलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर जोर देणं म्हणजे हातातच गोळीबाराची तयारी करणं. ते काडतूस मोडा.

लष्करी पुंगळ्यांत नवा प्रायमर बसतच नाही. दाबून बसवू का?

नाही. लष्करी काडतुसांत प्रायमर हलू नये म्हणून खळग्याची कड आत दुमडलेली असते. जुना प्रायमर निघाला तरी ती कड तशीच राहते. ती स्वेजिंगच्या हत्याराने दाबून सरळ करावी लागते किंवा रीमरने कापावी लागते. हे त्या पुंगळीला एकदाच करावं लागतं. रीमर वापरताना हात आवरा, जास्त कापलं की खळगा सैल होतो आणि नवा प्रायमर गोळी सुटताना गळून पडतो. एआरमध्ये असा गळलेला प्रायमर ट्रिगरच्या यंत्रणेत जाऊन अडकतो.

आतून पाहिल्यावर बुडाला एकच मध्यभागी भोक असेल तर पुंगळी बॉक्सर पद्धतीची, भरण्याजोगी. दोन छोटी भोकं असतील तर बर्डन पद्धतीची, ती बाजूला काढा. गंमत अशी की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर ब्रिटिश, पण अमेरिकेत चालला तो बॉक्सरचा प्रायमर.

फक्त मान आकारात आणली तर पुंगळी जास्त टिकते असं ऐकलं. तसं करू का?

बोल्ट-ॲक्शनमध्ये जरूर करा. सेमी-ऑटोसाठी फुल-लेंग्थ सायझिंग, म्हणजे सगळी पुंगळी आकारात आणणं, दर वेळी. या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) पुंगळी धरणाऱ्या शेल होल्डरला टेकली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. पाहायचं असतं ते खांदा किती मागे गेला ते. सेमी-ऑटोसाठी खांदा सुमारे ०.००३ ते ०.००५ इंच मागे न्यावा असा प्रघात आहे. बोल्ट-ॲक्शनवाले ०.००१ किंवा ०.००२ वर थांबतात. मोजायला कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर, म्हणजे खांद्यापर्यंतचं अंतर दाखवणारा जोड, हवा. इथे एक बारकावा आहे. सेमी-ऑटोमधून बाहेर पडलेल्या पुंगळीचा खांदा कधीकधी चेंबरपेक्षाही थोडा पुढे गेलेला असतो, कारण थोडा दाब शिल्लक असतानाच बोल्ट उघडायला लागतो. त्यामुळे एकाच पुंगळीवर विसंबू नका, चार-पाच मोजा आणि केस गेजशी (पुंगळी घालून मापं तपासायच्या साच्याशी) ताडून पाहा.

खांदा फार मागे नेणंही वाईट. मग दर गोळीबारात पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होते. आणि केस गेज पुंगळीची लांबी आणि खांदा दाखवतो, अंगाची जाडी प्रत्येक गेज दाखवतोच असं नाही. गेजमध्ये बसलेलं काडतूस तुमच्या चेंबरमध्ये अडत असेल तर स्मॉल-बेस डाय, म्हणजे बुडाजवळचं अंग जास्त आवळणारी डाय, लागते का पाहा. दुसऱ्या रायफलीत, विशेषतः सैल चेंबरच्या मशीनगनमध्ये उडवलेल्या पुंगळ्या गोळा केल्या असतील तर हा त्रास हमखास होतो.

सायझिंगचं वंगण शेवटी पुसून काढा. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

लांबी छाटणं इतकं महत्त्वाचं का?

मान जास्त लांब झाली की चेंबरच्या टोकाशी ती गोळीभोवती आवळली जाते. गोळी सुटायला अडते आणि दाब एकदम चढतो. .२२३ रेमिंग्टन काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच, छाटायची १.७५० पर्यंत. .३०८ विंचेस्टरची कमाल २.०१५ इंच, छाटायची २.००५ पर्यंत. सायझिंगनंतर मोजा, आधी नाही, कारण डायमधून निघताना पुंगळी लांबते.

एक पुंगळी किती वेळा भरता येते?

ठरीव आकडा नाही. चेंबर, चार्ज, खांदा किती मागे नेला यावर ते ठरतं. .३०८ च्या गॅसवर चालणाऱ्या रायफलींत मी चार-पाच वेळांनंतर पुंगळी टाकून देतो, ती दिसायला कितीही चांगली असली तरी. पुंगळी पुन्हा विकत घेता येते.

त्याआधीही ती निरोप देऊ शकते. बुडापासून काही मिलिमीटर वर चकाकती, अंगठीसारखी रेघ उमटली तर आतून पितळ पातळ झालंय. खात्री करायला पेपरक्लिप सरळ करून टोक नखासारखं वाकवा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. खाच असेल तर टोक तिथे अडकतं. एका पुंगळीत खाच सापडली तर त्याच खेपेच्या बाकीच्या पुंगळ्यांवरही तुमचा विश्वास राहता कामा नये.

हे दुर्लक्षित राहिलं तर पुंगळी उडताना दोन तुकडे होते. बूड बाहेर फेकलं जातं, पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये चिकटून राहतो आणि रायफल त्याच्या मागोमाग पुढचं काडतूस कोंबते. बोल्ट-ॲक्शनमध्ये तुम्ही थांबला असता. म्हणून सेमी-ऑटोसोबत तुटलेली पुंगळी काढायचं हत्यार बॅगेत असू द्या. आणि काडतूस अर्धवट बसून बोल्ट बंद होत नसेल तर फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणावर) किंवा बोल्टच्या दांड्यावर हात मारून ते आत घालू नका. बाहेर काढा आणि का अडलं ते पाहा.

मानेला भेग, खांद्याला चीर, सैल झालेला प्रायमरचा खळगा: हे दिसलं की पुंगळी पक्कडीने चेपूनच भंगारात टाका, म्हणजे ती चुकून परत ढिगात येणार नाही.

कोणती दारू वापरावी? कमाल दाबाच्या आत असली की झालं ना?

गॅसवर चालणाऱ्या रायफलीत दोन दाब सांभाळावे लागतात. एक चेंबरमधला. दुसरा, गोळी नळीतल्या गॅसच्या छिद्रापाशी पोचते त्या क्षणी तिथे उरलेला दाब. हळू जळणारी दारू चेंबरमध्ये मर्यादेत राहते पण पुढे छिद्रापाशी जास्त दाब ठेवते, आणि यंत्रणेला मागे ढकलणारा तोच असतो.

एम-१ गॅरंड हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. १९३६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेली ही रायफल. तिचं गॅसचं छिद्र नळीच्या तोंडाजवळ आहे आणि तिथून लांबलचक ऑपरेटिंग रॉड मागे बोल्टपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात तिच्या .३०-०६ काडतुसांत ४८९५ ही मध्यम गतीने जळणारी दारू वापरली गेली आणि गॅसची यंत्रणा त्या जातीच्या काडतुसाशी जुळलेली आहे. याच .३०-०६ मध्ये शिकारीसाठी जड गोळी आणि हळू दारू वापरली तर बोल्ट-ॲक्शनला काही होत नाही, गॅरंडचा रॉड मात्र वाकतो. चेंबर शाबूत, नळी शाबूत, आणि तरीही रायफल निकामी. म्हणून मॅन्युअलमध्ये गॅरंडसाठी वेगळा तक्ता असेल तर तोच पाहा.

एआरमध्येही तत्त्व तेच. पुंगळीची कड फाटून येत असेल, एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचे) ओरखडे पडत असतील, तर बोल्ट फार लवकर आणि जोरात उघडतोय. उलट चार्ज फार हलका असेल तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुढचं काडतूस उचललं जात नाही.

नावांचीही काळजी घ्या. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा क्रमांक एकच, दारू दोन वेगळ्या, आणि त्यांचे चार्जही वेगळे. डब्यावरचं पूर्ण नाव मॅन्युअलमधल्या पूर्ण नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

चार्ज वाढवत जाऊन दाबाची लक्षणं दिसली की थांबू का?

ही पद्धत जुनी आहे आणि सेमी-ऑटोसाठी ती फसवी आहे. सपाट झालेला प्रायमर, पिनच्या खुणेभोवती उठलेली कड, बुडावर उमटलेला इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकाकता शिक्का, ही लक्षणं दाब जास्त झाल्यावर दिसतात, कधी तेव्हाही दिसत नाहीत. कडक कपाचा प्रायमर तर बराच वेळ सभ्य चेहरा ठेवतो. आणि बोल्ट उचलताना जाणवणारा जडपणा, जो बोल्ट-ॲक्शनमध्ये सगळ्यांत खरा इशारा, तो इथे नसतोच.

कमाल चार्जच्या सुमारे दहा टक्के खालून, किंवा मॅन्युअलने दिलेल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढा. रायफल नीट चालली आणि गट (लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते) समाधानकारक पडला की थांबा. आणि मॅन्युअलच्या किमान आकड्याखालीही जाऊ नका, अर्धवट भरलेल्या पुंगळीत हळू दारू नीट पेटत नाही आणि तिचे स्वतःचे धोके आहेत.

५.५६ आणि .२२३ एकच का? आणि लष्करी पुंगळीत चार्ज तोच चालेल?

बाहेरून मापं सारखीच, चेंबर वेगळे. ५.५६ नाटोच्या चेंबरमध्ये गोळीपुढे मोकळी जागा जास्त असते. .२२३ चं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये चालतं. ५.५६ च्या दाबाचं काडतूस .२२३ च्या आवळ चेंबरमध्ये घातलं तर दाब आणखी वर जातो. नळीवर काय कोरलंय ते वाचूनच तक्ता निवडा. दोन्हींचा दाब मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

लष्करी पुंगळीची भिंत, विशेषतः .३०८ च्या मापात, बहुधा जाड असते. आतली जागा कमी, म्हणून त्याच चार्जला दाब जास्त. पुंगळीचा मेक बदलला तर चार्ज खाली आणून नव्याने सुरुवात करा. मिसळलेल्या पुंगळ्यांत कमाल चार्ज भरूच नये.

गोळी क्रिम्प करायलाच, म्हणजे मानेचं तोंड तिच्यावर आवळायलाच, हवी का?

मानेची पकड चांगली असेल तर क्रिम्पशिवायही भागतं, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. महत्त्वाचं ते फीड होताना गोळी जागची हलू नये. गोळी आत सरकली तर जागा कमी होते, दाब वाढतो. तपासा असं: तयार काडतुसाची एकूण लांबी मोजा, गोळीचं टोक बाकाच्या लाकडी कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबा, पुन्हा मोजा. लांबी बदलली तर पकड कमी आहे. मग रेंजवर, नळी लक्ष्याकडे रोखून, मॅगझिनमधून एक काडतूस चेंबर करा, न उडवता बाहेर काढा आणि मोजा. कधीकधी बोल्ट थांबण्याच्या धक्क्याने गोळी बाहेरही सरकते, तेही इथेच कळतं.

गोळीवर खाच असेल तर खाचेत हलका क्रिम्प द्या. खाच नसेल तर जोरदार क्रिम्प देऊ नका, गोळीचं आवरण चेपतं आणि कधी मानेची पकड उलट कमी होते.

एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावली पाहिजे. .२२३ साठी कमाल २.२६० इंच, .३०८ साठी २.८१० इंच.

दारू दोनदा पडण्याची किंवा अजिबात न पडण्याची भीती वाटते. काय करू?

भीती वाटते हे उत्तम आहे, ती घालवू नका. ठासणीच्या बंदुकीत दारू डोळ्यांदेखत नळीत जायची. इथे ती अरुंद मानेआड लपते.

पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा, सगळ्यांत दारू घाला आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी घेऊन रांगेरांगेने प्रत्येक पुंगळीत डोकवा. पातळी वेगळी दिसली की ती रिकामी करून पुन्हा भरा. पुंगळी जवळपास भरेल अशी दारू निवडली तर दोनदा पडलेली दारू बाहेरच सांडते. सळईसारखे दाणे असलेली दारू .२२३ च्या अरुंद मानेत किंवा फनेलमध्ये कधी अडकते. मग एका पुंगळीत कमी पडते आणि तीच उरलेली दारू पुढच्या पुंगळीत जास्तीची पडते. म्हणून एक पुंगळी कमी भरलेली सापडली तर तिच्या शेजारणीलाही तपासा.

बाकावर एका वेळी एकच दारूचा डबा. काम संपलं की मापकातली उरलेली दारू लगेच त्याच डब्यात परत. रात्रभर मापकात राहिलेली दारू कोणती हे सकाळी आठवत नसेल तर ती परत डब्यात ओतू नका, वापरूही नका. ठरावीक वजनाने काटा तपासा, आणि तो ग्रेनवर लावलाय की ग्रॅमवर हे बघा. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन.

फोन दुसऱ्या खोलीत. कुणी बोलायला आलं तर हात थांबवा, ते गेल्यावर तो ठोकळा पहिल्यापासून तपासा.

.३०० ब्लॅकआउटबद्दल इतकं का बजावतात?

कारण ते काडतूस .२२३ च्याच मॅगझिनमध्ये जातं आणि बोल्टही तोच. पण गोळी .३० मापाची. चुकून .२२३ किंवा ५.५६ च्या नळीच्या रायफलीत गेलं तर काही वेळा गोळी मागे दाबली जाऊन बोल्ट बंद होतो, आणि चाप ओढताच रायफल फुटते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवावीत आणि एका दिवशी एकच रायफल रेंजवर न्यावी.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही. किंवा नुसता 'फट्' असा आवाज आला. मग?

काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडे तशीच धरून किमान ३० सेकंद थांबा, प्रायमर उशिरा पेटू शकतो. मग काडतूस काढा.

आवाज हलका आला, धक्का जाणवला नाही, बोल्ट नीट मागे गेला नाही, तर थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. सराव झालेला हात आपोआप दांडा मागे ओढून पुढची गोळी मारायला जातो आणि तिथेच नळी फुटते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामा करा, बोल्ट उघडा आणि नळी आरपार पाहा. सळई घालून पाहिल्यावर खात्री पटते.

प्रायमर आणि दारू ठेवायची कशी?

दोन्ही कंपनीच्या मूळ वेष्टनात, थंड कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, आणि एकमेकांपासून दूर. प्रायमर काचेच्या बरणीत किंवा डब्यात ओतून ठेवू नका. एक पेटला की सगळे एकदम उडतात आणि बरणीचा बॉम्ब होतो. दारू घट्ट लोखंडी पेटीत कोंडणंही चूक, आग लागली तर दाब साठतो.

डब्यातून आंबट, झोंबणारा वास आला, तांबूस तपकिरी धूर किंवा भुकटी दिसली, तर ती दारू खराब झाली आहे. ती वापरू नका, घरात ठेवू नका.

शिशाचा धोका खरंच असतो का?

असतो, आणि तो हळूहळू जमा होतो. बहुतेक प्रायमरांत शिशाचं संयुग असतं, ते जुन्या प्रायमरांत आणि पुंगळ्या घासून काढलेल्या भुशाच्या धुळीत उतरतं. भुसा चाळायचा तो घराबाहेर, मास्क लावून. बाकाजवळ खाणं, पिणं, धूम्रपान नको. उठताना साबणाने हात धुवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर बाकाची खोली, कपडे आणि झाडू वेगळे ठेवा. नियमित भरणाऱ्यांनी रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्यावं.

मित्राने भरलेली काडतुसं चालतील?

माझ्या रायफलीत नाही, आणि माझी मी कुणाला देत नाही. दोन्ही बाजूंनी हा अविश्वास नाही, दोन रायफलींचे चेंबर सारखे नसतात.

चुकलेली काडतुसं मोडायची कशी?

डोळ्यांना चष्मा लावून, हातोडीसारख्या पुलरने किंवा प्रेसवरच्या कॉलेट पुलरने. बाकाच्या आसपास दुसरे प्रायमर नकोत. .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर टिचकी बसून पेटणारं) काडतूस पुलरमध्ये कधीच घालू नका. निघालेली दारू डब्यात परत घालायची नाही. न उडालेला प्रायमर काढायचाच असेल तर प्रेसचा दांडा अगदी सावकाश दाबा. तेल टाकलं की प्रायमर मरतो ही समजूत भरवशाची नाही.

नव्या लोडची पहिली चाचणी कशी घ्यावी?

फक्त दहा काडतुसं भरा. घरी सगळी केस गेजमधून काढा, बुडावरून बोट फिरवा, लांबी मोजा. रेंजवर चष्मा आणि कानाचं संरक्षण लावून पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला. उडालं आणि बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरेसा आहे. पुंगळी उचलून बूड, कड आणि प्रायमर पाहा. मग दोन काडतुसं घाला, म्हणजे स्लॅमफायर झालाच तरी पुढे आणखी नसेल. दोन्हींमध्ये सगळं ठीक असेल तर उरलेली सात तीन आणि चार अशी. प्रत्येक वेळी पुंगळ्या वेचून बघा, आणि डब्यावर दारूचं पूर्ण नाव, चार्ज, प्रायमर, गोळी, पुंगळीचा मेक, कितव्यांदा भरली आणि तारीख लिहूनच घरी निघा.